मासे गुदमरले, एवढेच?

नदीत मेलेल्या माशांचा थर तरंगू लागला की शासकीय अहवालातील वाक्य जणू आधीच टंकलिखित असते : पाण्यातील प्राणवायू घटल्याने मासे मेले. वाक्य खोटे नाही. परंतु भांडवलाची जेवढी सेवा अर्धसत्याने केली आहे तेवढी असत्यानेही केलेली नाही.

अंबरनाथ, उल्हासनगर, डोंबिवली या पट्ट्यातील रसायनांचे, रंगाईचे आणि धातूंना मुलामा देण्याचे कारखाने घ्या. त्यांचे सांडपाणी वालधुनीतून व नाल्यांतून उल्हास नदीत आणि पुढे खाडीत जाते. शहरांच्या मैल्याने प्राणवायू घटतो, हे मान्य. पण प्राणवायू घटला की मासा कल्ल्यांवरून अधिक पाणी खेळवू लागतो आणि त्या पाण्यात विरघळलेला धातूही अधिक प्रमाणात त्याच्या अंगी लागतो. तांबे कल्ल्यांची क्षार शोषून घेण्याची क्रिया मोडते. अल्प प्रमाणातही ते माशाची घ्राणशक्ती बोथट करते, मग त्याला अन्नही कळत नाही आणि शत्रूही. कॅडमियम कॅल्शियमची वाट अडवते. मासा त्या दिवशी मरत नाही. त्याची रोगप्रतिकारशक्ती खालावते, वीण घटते, आणि काही वर्षांनी जाळे रिकामे येते. अशा मरणाचा पंचनामा कोण करणार?

शिवाय मैला जिवाणू खाऊन टाकतात. धातू कुजत नाही. तो गाळात बसतो. निरीक्षक बाटलीत पाणी भरून नेतो, निवटी मात्र चिखलातच राहते, आणि ती खाणारा कोळी-आगरी समाज खाडीच्या काठावर. जपानमधील मिनामाता येथे पाऱ्याने दूषित मासे खाल्ल्याने होणाऱ्या रोगाची अधिकृत नोंद १९५६ साली झाली. कारखान्याचे विषारी सांडपाणी थांबले १९६८ साली. मधल्या बारा वर्षांत शास्त्राला काही कळत नव्हते असे नाही. कळून घेणे परवडत नव्हते.

मी वर्गात पिगूचे ‘बाह्य परिणाम’ वर्षानुवर्षे शिकवले. आज वाटते, त्या सभ्य शब्दाने विद्यार्थ्यांची दिशाभूलच झाली. बाह्य कोणाला? कारखान्याच्या ताळेबंदाला बाह्य असलेला खर्च कोळणीच्या टोपलीत अंतर्गतच असतो. के. विल्यम काप यांनी १९५० साली खाजगी उद्योगाच्या सामाजिक खर्चावर ग्रंथ लिहून हेच मांडले होते : खर्च दुसऱ्यावर ढकलणे हा बाजाराचा अपवाद नसून नफ्याचा नियम आहे.

आणि आपला कायदा? १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यात मानके मोडून पाणी दूषित करणाऱ्यास दीड ते सहा वर्षे कैदेची तरतूद होती. २०२४ च्या दुरुस्तीने त्या जागी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड आणला. प्रारंभी ती हिमाचल, राजस्थान व केंद्रशासित प्रदेशांपुरती होती. इतर राज्यांनी ठराव करून स्वीकारावी, अशी तजवीज ठेवली. ‘प्रदूषण करणाऱ्याने भरावे’ या तत्त्वाचे ‘भरा आणि प्रदूषण करा’ असे भाषांतर झाले.

रोजगार बुडेल, हा आक्षेप आपल्याच कामगार संघटनांतून येतो, याची खंत वाटते. मासेमारी हा रोजगार नव्हे काय? मुलाम्याच्या टाकीवर उभा असलेला कामगार तोच क्रोमियम छातीत ओढतो. त्याचा आणि कोळ्याचा मालक एकच आहे.

पुढील वेळी मासे मरतील तेव्हा कार्यकर्त्यांनी केवळ निवेदन देऊन परतू नये. पाण्यासोबत गाळाची, माशाच्या कल्ल्यांची व यकृताची धातूंसाठी तपासणी मागावी, नमुना घेताना मच्छीमार सहकारी संस्थेचा प्रतिनिधी हजर ठेवावा, आणि निष्कर्ष मराठीत गावच्या फलकावर लागेपर्यंत कचेरीचा उंबरठा सोडू नये.