खोडाखोड कोणाची?

कागदी वहीत खाडाखोड केली की ती दिसते; पान फाडले तरी फाटलेली कडा साक्ष देते. संगणकातला आकडा मात्र मागे ओरखडाही न ठेवता बदलता येतो. म्हणूनच प्रत्येक बदलाची आपोआप नोंद ठेवणे ही माझ्या मते केवळ तांत्रिक बाब नाही, ती न्यायाची बाब आहे.

ब्रिटनमध्ये १९९९ पासून टपाल कचेऱ्यांत 'होरायझन' ही संगणकप्रणाली आली. तिच्यात तूट दिसली की ठपका पोस्टमास्तरवर येई. ९०० हून अधिक जण दोषी ठरले, काही तुरुंगात गेले. तुमच्या हिशेबाला बाहेरून कोणी हात लावू शकत नाही, असे त्यांना सांगितले जाई. डिसेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने नेमके उलटे सांगितले: 'फुजित्सू'चे तंत्रज्ञ दुरून, पोस्टमास्तरच्या नकळत, नोंदी घालू शकत होते. अखेर २०२४ मध्ये संसदेने कायदा करून अशा शेकडो शिक्षा रद्द केल्या.

आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद सक्तीची आहे. हे चांगलेच झाले. पण चालू यंत्रणेच्या थेट गाभ्यात शिरणाऱ्या प्रोग्रॅमरचे काय? त्याच्या हाती कायमची किल्ली नको. ती दुरुस्तीपुरती, दुसऱ्याच्या संमतीने मिळावी आणि त्याने काय केले याची नोंद त्याला स्वतःला पुसता येऊ नये. यात अविश्वास कसला? उद्या तूट निघाली, तर प्रामाणिक प्रोग्रॅमरची बाजूही हीच नोंद मांडेल.