समाधान आणि विद्या

विद्येची साधने काळानुसार पालटत आली आहेत. एके काळी हाताने लिहिलेली पोथी हेच विद्यार्थ्याचे धन होते. पुढे छापखाना आला आणि पुस्तके घरोघर पोहोचली. आज विश्वविद्यालयात शिकणाऱ्या तरुणाच्या खिशातील मोबाईल हाच त्याचे पुस्तक, वही आणि पुष्कळदा वर्गही झाला आहे. ह्या नव्या साधनाने शिकणारे विद्यार्थी समाधानी आहेत काय, असा प्रश्न विश्वविद्यालये त्यांना वारंवार विचारतात. प्रश्न योग्यच आहे. परंतु त्याचे उत्तर समजून घेताना एक विवेक राखणे अगत्याचे आहे.

असमाधान दोन प्रकारचे असते. एक साधनाच्या उणिवेतून जन्मते, दुसरे अभ्यासाच्या कष्टातून.

पहिल्या प्रकारचे असमाधान दूर झालेच पाहिजे. २०२० साली कोरोनाच्या साथीमुळे देशातील महाविद्यालये बंद झाली आणि अध्यापन मोबाईलवरून होऊ लागले. तेव्हा डोंगराळ भागांतील कित्येक विद्यार्थी मोबाईलला संदेशलहरी मिळाव्यात म्हणून उन्हापावसात टेकडीवर जाऊन बसत. कित्येक घरांत दोन-तीन भावंडांमध्ये मिळून एकच मोबाईल होता. त्यांची तक्रार आळसाची नव्हती, न्यायाची होती. ज्याच्यापर्यंत व्याख्यान पोहोचतच नाही, त्याला परिश्रमाचा उपदेश करणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय.

साधन पोहोचले म्हणजे त्याचे उपकारही थोर असतात. नाशिक येथे १९८९ साली स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ ज्यांच्यासाठी निर्माण झाले, त्या नोकरदारांचा आणि गृहिणींचा विचार करावा. दिवसभर राबणाऱ्या तरुणाला आणि संसार सांभाळून पदवीची आस धरणाऱ्या स्त्रीला रोज महाविद्यालयात जाणे कसे साधावे? मोबाईलवरील व्याख्यान मात्र त्यांच्या सवडीची वाट पाहते. न समजलेला भाग पुन्हा ऐकवताना ते कंटाळत नाही. अशा विद्यार्थ्यांचे समाधान खरे आहे आणि ते मोलाचेही आहे.

दुसऱ्या प्रकारचे असमाधान मात्र निराळे आहे. अमेरिकेतील हार्वर्ड विश्वविद्यालयात पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला व त्याचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. विद्यार्थ्यांचे दोन गट केले होते. एका गटाने कसलेल्या अध्यापकाचे ओघवते व्याख्यान ऐकले. दुसऱ्या गटाला तोच विषय देऊन आधी स्वतः उदाहरणे सोडवावयास लावले आणि मग उत्तर समजावून सांगितले. "आपण पुष्कळ शिकलो," असे व्याख्यान ऐकणाऱ्यांना अधिक वाटले. परंतु लगेच घेतलेल्या परीक्षेत अधिक गुण पडले ते स्वतः धडपडलेल्या विद्यार्थ्यांना! ज्यांना आपण कमी शिकलो असे वाटत होते, तेच अधिक शिकले होते.

ह्यात नवल वाटावयास नको. काठावर बसून पट्टीच्या पोहणाऱ्याकडे पाहणाऱ्याला पोहणे सोपे भासते. पाण्यात उतरणाऱ्याच्या नाकातोंडात पाणी जाते. पण पोहणे येते ते त्यालाच.

मोबाईलवर शिकताना काठावर बसून राहण्याचा मोह फार मोठा असतो. भारत सरकारने २०१७ साली सुरू केलेल्या 'स्वयम्' ह्या व्यवस्थेचे उदाहरण घ्यावे. तेथील अभ्यासक्रमात चार अंगे योजिलेली आहेत: चित्रफितीतील व्याख्यान, वाचनाचे साहित्य, स्वतःची पारख करण्यासाठी प्रश्न आणि शंका विचारण्यासाठी चर्चा. विद्यार्थी केवळ व्याख्यान पाहून उठला, तर चार अंगांपैकी एकच त्याने घेतले. जेथे डोके शिणते, ते प्रश्न आणि त्या शंका तशाच राहिल्या. अशाने त्याचे मन प्रसन्न होईल, पण ते ज्ञान पालथ्या घड्यावरच्या पाण्यासारखे वाहून जाईल.

म्हणून "तुम्ही समाधानी आहात काय?" एवढे विचारून विश्वविद्यालयांनी थांबू नये. मोबाईल बाजूला ठेवून विद्यार्थ्याला तो विषय आपल्या शब्दांत सांगता येतो काय, न पाहिलेले उदाहरण सोडविता येते काय, हेही पाहावे. विद्यार्थ्यानेही हाच प्रश्न दररोज स्वतःला विचारावा. तो विचारण्यासाठी ना यंत्र लागते, ना पैसा.

टेकडी चढण्याचे कष्ट विद्यार्थ्याच्या वाट्याला येऊ नयेत. ते समाजाने दूर करावेत. परंतु विचार करण्याचे कष्ट कोणीही त्याच्याकडून काढून घेऊ नयेत. टाकीचे घाव सोसल्यावाचून दगडाला देवपण येत नाही. विद्येचे समाधान त्या घावांनंतरचे असते, आणि म्हणूनच ते टिकते.