जॉबच्या खाली काय ठेवलंय?

परवा आमच्या भाच्याचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, हार आणि दोन भाषणं. निमित्त काय, तर पठ्ठ्यानं परतुरात, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, पाच अ‍ॅक्सिसचं सीएनसी मशीन बनवलं. दुसऱ्या वक्त्यांनी माईक घट्ट धरून सांगितलं की जुगाड हीच आपल्या मातीची खरी ताकद. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. सख्खा मामा आहे, न वाजवून सांगतो कुणाला! पण तेव्हापासून डोकं फिरलंय, म्हणून हे लिहायला बसलो.

आधीच सांगून टाकतो, मशीन वाईट नाही. पोरानं दोन वर्षं त्यात घातली आहेत. चौकोनी पाइपची फ्रेम, बॉलस्क्रू, स्टेपर मोटरी, पाण्यानं गार होणारा स्पिंडल, आणि चालवायला फुकट मिळणारं लिनक्स-सीएनसी. जॉब तिरका करणारा आणि गोल फिरवणारा पाळणा त्यानं स्वतः बनवला. मी अठरा वर्षं वाळूजला टूलरूममध्ये काढली (तेव्हा त्या शहराला औरंगाबाद म्हणायचे). एवढं सगळं एकट्यानं जुळवणं काय असतं ते मला कळतं.

पण सत्काराला आलेल्या शंभर-सव्वाशे माणसांपैकी एकानंही विचारलं नाही, की बाबा रे, जॉबच्या खाली काय ठेवलंयस?

सागवानाचा ठोकळा. चांगला शंभर मिलीमीटर उंच.

आता तो का ठेवावा लागतो ते समजून घ्या. तीन अ‍ॅक्सिसच्या मशीनवर जॉब टेबलाला जितका चिकटून, तितका चांगला. पण पाळणा आला की गोष्ट बदलते. जॉब नव्वद अंशात आडवा केला की स्पिंडलचं धूड पाळण्याच्या ताटलीवर आदळायला बघतं. म्हणून जॉब ताटलीपासून उंच उचलावा लागतो. यात भाच्याची चूक काहीच नाही. मोठ्या कारखान्यांत कोटभर रुपयांच्या मशीनवरही जॉब असाच उंच बसवतात. फरक एवढाच की ते लोक त्या उंचीची किंमत मोजतात.

उंचीची किंमत सरळ वाढत नाही, घनाच्या हिशेबानं वाढते. एका टोकाला धरलेला खांब दुप्पट उंच केला, तर तेवढ्याच ढकलण्यानं तो आठपट वाकतो. शिवाय लाकूड पोलादापेक्षा साधारण पंधरा-वीस पट लवचिक, आणि पावसाळ्यात फुगतं ते वेगळंच. जूनमध्ये लावलेलं शून्य जुलैमध्ये शून्य राहत नाही. त्यात जॉब फिरण्याच्या अक्षापासून लांब गेला की कोनातली बारीक चूकही मोठी होते. एक दशांश अंश म्हणजे डोळ्याला काहीच नाही, पण शंभर मिलीमीटरवर ती पावणेदोन दशांश मिलीमीटर होते. आणि वर गेलेलं वजन पाळण्याला एका बाजूला ओढतं. स्टेपर मोटरला ते झेपलं नाही तर ती स्टेप चुकते आणि कुणाला सांगत नाही. स्क्रीनवर आकडा बरोबर, खाली जॉब भलतीकडे.

हे सगळं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मामा, चालतंय की."

चालतंय! या एका शब्दावर माझा राग आहे. तो भाच्यावर नाही. सगळ्या गावानं मिळून हा शब्द त्याच्या तोंडात घातलाय.

या शब्दाची किंमत कोण भरतं ते सांगतो. भाच्याचं पहिलं मोठं काम होतं पेरणी यंत्राचे रोलर. खाचा पाडलेला नायलॉनचा रोलर फिरतो, खाचेत बी बसतं आणि नळीतून जमिनीत पडतं. चाळीस मिलीमीटरचा, फूटभर लांब नायलॉनचा गज तो चकमध्ये एका बाजूनं धरायचा, दुसरी बाजू हवेत. खाचा पाडून झाल्या की गज कापून रोलर सुटे करायचे. दिसायला एकदम देखणे, फोटो काढण्यासारखे.

एक संच मी त्याच्या नकळत आमच्या शेजाऱ्याच्या सात फणांच्या यंत्राला बसवला. चाक उचललं, प्रत्येक नळीला पिशवी बांधली, पन्नास फेरे फिरवले आणि सोयाबीन काट्यावर मोजलं. दोन नळ्यांना बी उघड उघड कमी. रोलर काढून खाचांची खोली मोजली. चकजवळच्या रोलरची पाच मिलीमीटर, मोकळ्या टोकाच्या रोलरची साडेचारही नाही. कारण साधं आहे. कटर दाबतो तसा गज वाकून खाली जातो. कटर पाचच मिलीमीटर उतरलाय, पण जॉबच तिथून पळालाय. चार काय, चाळीस अ‍ॅक्सिस असले तरी पळणाऱ्या जॉबला कोण पकडणार?

म्हणजे शेतात काय झालं असतं? सात ओळींतल्या दोन विरळ. उगवल्यावर शेतकरी आधी बियाण्याच्या दुकानदाराला शिव्या घालतो, मग पावसाला, शेवटी नशिबाला. दुबार पेरणीचा खर्च ज्यानं एकदा केलाय त्याला विचारा. ज्या जालन्यात १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी महिको काढली आणि बियाण्याच्या एकेका दाण्याचा धंदा उभा केला, त्याच जिल्ह्यात तो दाणा वाकलेल्या गजाच्या भरवशावर जमिनीत सोडायचा!

उपाय काही परदेशातला नाही. गजाच्या मोकळ्या टोकाला टेलस्टॉक. बस. दोन्ही टोकं टेकवली की सगळ्यात वाईट जागी, म्हणजे मधोमध, होणारा वाक एका टोकाला धरलेल्या गजाच्या सोळाव्या हिश्श्यावर येतो. सोळावा हिस्सा, आणि तोही एका टोकदार सेंटरवर! लेथवर काम केलेल्या कुठल्याही टर्नरला हे पहिल्या महिन्यात कळतं. पण टेलस्टॉक हलत नाही, त्याला मोटर नाही, दिवा नाही. व्हिडिओत तो दिसत नाही आणि भाषणात त्याच्यावर टाळी पडत नाही.

मला कुणी जुगाडाचा शत्रू म्हणेल. म्हणोत. पण गरिबीत अक्कल लढवणं वेगळं आणि अर्धवट कामाला देशभक्तीचा हार घालणं वेगळं. अमेरिकेत एमआयटीच्या लोकांनी १९५२ साली आकड्यांवर चालणारं मिलिंग मशीन दाखवलं, तेही एका अर्थी जुगाडच होतं. इलेक्ट्रॉनिक्सच्या नळ्यांनी भरलेली कपाटं त्यांनी स्वतः जोडली. पण ती कशाला जोडली? सिनसिनाटी कंपनीच्या तयार, जडशीळ मिलिंग मशीनला. डोकं नवं, बूड जुनं आणि पक्कं. आमच्याकडे डोकंही नवं आणि बूड सागवानाचं.

बुडाचंच चाललंय तर शेडच्या जमिनीबद्दलही बोलतो. परतूरची काळी जमीन. उन्हाळ्यात भेगा इतक्या की त्यात पेन पडलं तर गेलं, आणि पावसाळ्यात तीच जमीन फुगून फरशी उचलते. आमच्या आजोबांनी घर बांधताना मुरूम लागेपर्यंत पाया खणला होता, कारण काळीवर भिंत उभी राहत नाही हे त्यांना शाळेत न जाता ठाऊक होतं. आणि नातवाचं मशीन? चार इंची कोब्यावर चार पायांनी उभं. एक पाय उचलला की फ्रेमला पीळ पडतो, आणि पोरगा सॉफ्टवेअरमध्ये आकडे बदलत बसतो. निदान तीन पायांवर तरी उभं कर, म्हटलं. तिपाई कधी डुगडुगत नाही. "तीन पायांचं मशीन बरं दिसत नाही मामा."

बरं दिसत नाही! असो.

पैशाचं म्हणाल तर तेही सोंग आहे. स्पिंडलला पैसे होते, मोटरींना होते, पाचव्या अ‍ॅक्सिसला होते, रंगालाही होते. बिडाच्या एका ठोकळ्याला नव्हते. बीड कंपनं गिळतं, लाकडासारखं फुगत नाही, आणि भंगारात किलोवर मिळतं. दोन जोड पॅरलल, एक डायल, लांब जॉबच्या पोटाखाली लावायला दोन स्क्रूजॅक. हे सगळं मिळून एका अ‍ॅक्सिसपेक्षा स्वस्त. मी तर म्हणतो त्यानं चारच अ‍ॅक्सिस करायला हवे होते आणि उरलेल्या पैशात आधार. पण मग सत्कार झाला नसता. चार अ‍ॅक्सिसला कोण शाल देतो?

सत्काराच्या दुसऱ्या दिवशी मी पिशव्या आणि काटा घेऊन शेडमध्ये गेलो. काही बोललो नाही. सात पिशव्या ओळीत ठेवल्या आणि वजनाच्या चिठ्ठ्या वर ठेवल्या. तो बराच वेळ बघत होता. मग त्यानं कपाटातून व्हर्नियर काढलं आणि स्वतः खाचा मोजल्या. एकदा, दोनदा. चहा आला तो गार झाला. शेवटी म्हणाला, "मामा, अजून दोन संच गेलेत बाहेर."

कुणाकडे गेलेत ते त्याला माहीत होतं. संध्याकाळी आम्ही मोटरसायकलवर दोन्हीकडे जाऊन ते परत आणले. एकानं पैसे मागितले, दिले. दुसरा म्हणाला, "राहू द्या की, चालतंय." त्याच्याकडूनही आणले.

येत्या रविवारी जालन्याला भंगारात जायचंय. एका जुन्या लेथचा टेलस्टॉक तिथं पडलाय, बॅरल थोडं झिजलंय पण बूड शाबूत आहे. टेम्पोचं भाडं माझ्याकडे. वाटेत घासू नये म्हणून गुंडाळायला काहीतरी जाड हवं होतं, तर भाच्यानं आतून ती सत्काराची शाल आणून दिली.