बियाण्याची ज्वारी दळून किती दिवस खाणार?

मंडळी, आधीच कबूल करतो. ‘झपाटलेला’चा तिसरा भाग आला, तर पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला मी रांगेत असणार. ‘नवरा माझा नवसाचा 2’ मी दोनदा पाहिलाय. एकदा आईला घेऊन, एकदा पेपरच्या कामाला, आणि दोन्ही वेळा तिकिटाचे पैसे माझ्या खिशातले. तेव्हा पुढचं वाचून कुणी “तुम्हाला मराठी सिनेमाचं वावडं आहे” असं म्हणू नका. हे भांडण घरातलं आहे.

झालं असं. गेल्या महिन्यात जिल्ह्याच्या गावी एक नवा मराठी चित्रपट बघायला गेलो. नवा दिग्दर्शक, नवे चेहरे, नावापुढे आकडा नाही. एसटीनं दोन तास. दिवसातून एकच खेळ, तोही दुपारी एक वाजता. खिडकीवर गेलो तर म्हणाले, तुमच्यासकट तीन माणसं झालीत, खेळ होणार नाही. पैसे परत मिळाले, चहाही पाजला. मॅनेजर ओळखीचा आहे. म्हणाला, “साहेब, नावात ‘दोन’ असलं की लोक आपोआप येतात. ह्या नव्याला मी कुणाकुणाला बोलावू?”

मला राग आला. एसटीत बसेपर्यंत टिकला. मग आठवलं, की नवसाचा दुसरा भाग आला तेव्हा माझ्याच पेपरात मी अर्धं पान दिलं होतं, चार फोटोंसकट. आणि ह्या नव्या चित्रपटाला चार ओळी, त्याही निविदा सूचनेच्या खाली. मग राग कुणावर काढायचा?

माझं आणि सिक्वेलचं नातं असं आहे. शिव्या घालतो आणि तिकीट काढतो.

1993 साली मी सातवीत होतो. स्टँडमागचं आपलं टॉकीज तेव्हा चालू होतं. पुढची बाकडी, मागं खुर्च्या, मध्यंतरात भेळ. तिथं ‘झपाटलेला’ लागला. रामदास पाध्यांनी घडवलेला एवढासा बाहुला, त्याला दिलीप प्रभावळकरांचा आवाज, आणि समोर आमचा लक्ष्या. आज विचार केला की कळतं, आम्ही बाहुल्याला घाबरलोच नव्हतो. आम्ही लक्ष्याच्या घाबरण्याला घाबरलो होतो. त्याचे हात थरथरायचे, आवाज फाटायचा, आणि पुढच्याच क्षणी तो हसवायचा. त्या रात्री मी मोरीत एकटा गेलो नाही. आमच्या गल्लीतलं कुणीच गेलं नसणार.

2013 ला दुसरा भाग आला. थ्रीडी. तोवर आपलं टॉकीज बंद पडलं होतं, तिथं आता लग्नाचं लॉन आहे. जिल्ह्याच्या गावी गेलो, डोळ्यांवर काळा चष्मा चढवला. तात्या विंचू अगदी नाकासमोर आला. शेजारची पोरं किंचाळली, खिदळली. मी मात्र पडद्यावर दुसऱ्यालाच शोधत होतो. लक्ष्मीकांत बेर्डे 16 डिसेंबर 2004 ला गेले. गोष्टीत आता लक्ष्याचा मुलगा होता. आदिनाथ कोठारेनं मेहनत केली होती, त्याची काही चूक नाही. पण जत्रेतनं घरी यावं, आणि ज्याच्यासाठी यावं ते माणूसच घरात नसावं, तसं वाटलं. चष्मा असल्याचा एक फायदा झाला. डोळे पुसलेले कुणाला दिसले नाहीत.

आता तर गेलेल्या नटाला संगणकावर पुन्हा उभं करायच्या गोष्टी निघतात. माझं मत विचारलंत तर, लक्ष्याला निवांत राहू द्या. त्याचे चित्रपट आहेत की आपल्याकडे.

पण दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर लबाडी होईल. 2004 च्या ‘नवरा माझा नवसाचा’त मुंबईहून गणपतीपुळ्याला निघालेली एसटी होती आणि तिचे कंडक्टर अशोक सराफ. वीस वर्षांनी, 2024 ला, दुसऱ्या भागात एसटीच्या जागी रेल्वे आली आणि मामा टीसी झाले. ते पडद्यावर आले आणि माझ्या आईनं टाळी वाजवली. माझी आई! जी देवळातल्या आरतीतही हळू टाळ्या वाजवते. अकरा वर्षांनी ती चित्रपटगृहात आली होती. सिक्वेलनं तिला घराबाहेर काढलं. हे नव्या चित्रपटाला जमलं नव्हतं, मलाही जमलं नव्हतं. चित्रपट म्हणून तो पहिल्याच्या पासंगालाही पुरत नाही, पण ती टाळी खोटी नव्हती.

आणि काही पुढचे भाग खरंच गरजेपोटी येतात. ‘मुंबई-पुणे-मुंबई’ 2010 ला आला तेव्हा त्यात होतं काय? दोन माणसं, एक दिवस, एक शहर. 2015 ला त्यांचं लग्न आलं, 2018 ला मूल आलं. माणसांचं वय वाढतं तशी गोष्ट वाढली. कमीजास्त आवडेल, पण “पुढं काय झालं?” हा प्रश्न तिथं खरा होता. उलट ‘दे धक्का’ बघा. 2008 च्या चित्रपटाचा जीव त्या खटारा गाडीत होता. पैसा नाही, गाडी चालत नाही, म्हणून सगळं घर उतरून ढकलतंय. 2022 ला तेच कुटुंब लंडनला नेलं. मला सांगा, लंडनला धक्का कशाला मारायचा? गरिबी काढून घेतली की त्या विनोदाचं इंजिनच निघून जातं.

कुणी म्हणेल, “जुने तरी कुठं अस्सल होते?” बरोबर आहे. ‘झपाटलेला’ची कल्पना अमेरिकेतल्या ‘चाइल्ड्स प्ले’वरनं सुचलेली. ‘अशी ही बनवाबनवी’च्या मागं 1966 चा हिंदी ‘बीवी और मकान’ आहे. उसनं आणलं होतंच. पण उसनं बी आणून आपल्या मातीत पेरलं, आणि पीक येईल का नाही ह्याची हमी नव्हती. सिक्वेलमध्ये ती भीतीच आधी काढून टाकलेली असते. माझी सातवीतली आठवण तारण ठेवून कर्ज काढायचं, आणि हप्ते मी तिकिटाच्या रूपानं फेडायचे. माझी तक्रार एवढीच आहे.

आता मुख्य मुद्द्यावर येतो.

2004 साल आठवा. त्याच वर्षी नवसाचा पहिला भाग आला. त्याच वर्षी ‘श्वास’ आला, ज्यानं ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी मराठीला राष्ट्रीय पुरस्काराचं सुवर्णकमळ मिळवून दिलं. त्याच वर्षी ‘अगंबाई अरेच्चा’ आला, आणि 2015 ला त्याचाही दुसरा भाग निघाला. म्हणजे आज आपण ज्या आठवणी विकत घेतोय, त्या तेव्हा कुणीतरी नव्या म्हणून केल्या होत्या आणि आपल्या आईबापांनी नव्या म्हणून बघितल्या होत्या. त्यांनी “आकडा असेल तरच येतो” म्हटलं असतं, तर 2024 ला दुसरा भाग कशाचा काढला असता?

मग हिशोब पुढं न्या. 2044 ला दुसरा भाग कशाचा निघणार? ज्या चित्रपटाचा खेळ तीन माणसं म्हणून रद्द झाला, त्याचा?

आपल्याकडं शेतकऱ्याच्या घरी दुष्काळातसुद्धा एक कणगी उघडत नाहीत. ती बियाण्याची ज्वारी. पोटाला चिमटा घेतील, पण ती दळणार नाहीत. आपण ती दळायला काढलीय, आणि भाकरी गोड लागते म्हणून कुणी बोलत नाही.

नवं चालत नाही, हे तर मुळीच सांगू नका. 2016 ला ‘सैराट’ आला. अकलूजची शाळकरी पोरगी नायिका, नावापुढे आकडा नाही, आणि अख्खा महाराष्ट्र नाचला. 2023 ला ‘बाईपण भारी देवा’ला बायका टोळ्याटोळ्यांनी गेल्या. लोकांपर्यंत पोचलं तर चालतं. न पोचलेल्याला “चाललं नाही” म्हणतात, तिथं माझं डोकं फिरतं.

म्हणून तीन ठिकाणी बोट दाखवतो, चौथं माझ्याकडं.

निर्मात्यांना: काढा सिक्वेल, आम्ही येऊ. पण त्यातनं कमावलं की पुढचा चित्रपट एका नव्या पोराच्या हातात द्या. आठवण आमची आहे, थोडं व्याज आम्हालाही द्या.

सरकारला: 2015 ला मल्टिप्लेक्समध्ये मराठीला चांगली वेळ मिळावी म्हणून निर्णय झाला, केवढा गदारोळ झाला. पण ज्या तालुक्यात पडदाच नाही, तिथं कसली वेळ? मराठी चित्रपटाला अनुदान देता, चांगलं करता. तो चित्रपट तालुक्यापर्यंत पोचवायलाही काही खर्च करा.

आपल्या नगरपालिकेला: सांस्कृतिक सभागृह बांधलंय. वाढदिवस, सत्कार आणि पक्षाचे मेळावे सोडून तिथं काय होतं? महिन्यातनं एक शनिवार द्या. पडदा आणि प्रोजेक्टर भाड्यानं आणू, रीतसर परवानगी काढू, तिकीट लावू. लेखी अर्ज सोमवारी देतोय. पोच घेऊन फोटो इथंच टाकीन.

आणि मी: नव्या मराठी चित्रपटाला यापुढं माझ्या पेपरात चार ओळींत गुंडाळणार नाही. संपादकांशी भांडण झालं तर होऊ दे.

तोवर एक काम करू. जो चित्रपट तीन माणसांमुळं पडला, त्याचा रविवारी शेवटचा खेळ आहे, पुन्हा दुपारी एक. मी क्रूझर ठरवलीय. दहा जागा आहेत, त्यातली एक आईची. ती विचारत होती, “ह्यात अशोक सराफ आहे का?” मी म्हटलं, नाही. दोन मिनिटं गप्प बसली आणि म्हणाली, “बरं, येते. बघू तरी कोण आहे.”

आठ जागा शिल्लक आहेत. सकाळी साडेदहाला स्टँडसमोर.