बी.एड.चा खर्च फीपुरता नसतो

बंगळूरच्या जयनगरात, दुसऱ्या ब्लॉकमध्ये, राष्ट्रीय विद्यालय संस्थेचे शिक्षक महाविद्यालय आहे. राष्ट्रीय विद्यालय याच नावाच्या रस्त्यावर एक मेट्रो स्थानकही आहे आणि ऑगस्ट २०२५ पासून तेथून इलेक्ट्रॉनिक सिटीकडे जाणारी पिवळी मार्गिका धावू लागली आहे. बेळगाव-निपाणीकडून विज्ञानाची पदवी घेऊन या शहरात आलेल्या मराठी मुलीपुढचा प्रश्न या स्थानकावर जणू नकाशात मांडलेला दिसतो. गाडीत बसून पगार सुरू करावा, की दुसऱ्या ब्लॉककडे वळून पुन्हा दोन वर्षे विद्यार्थिनी व्हावे?

अशा वेळी घरात पहिली चौकशी होते ती फीची. फी परवडते असे दिसले की निर्णय झालाच म्हणून समजावे. वस्तुतः फी हा या पदवीच्या खर्चाचा लहानसा भाग आहे. उदाहरणादाखल असे धरू, की फी, पुस्तके आणि जाण्यायेण्याचा दोन वर्षांचा खर्च दीड लाख रुपये आहे. त्या मुलीला बंगळूरमध्ये दरमहा २०,००० रुपयांची नोकरी मिळू शकत असेल, तर २४ महिन्यांत तिने ४,८०,००० रुपयांच्या मिळकतीवर पाणी सोडलेले असते. म्हणजे पदवीची किंमत ६,३०,००० रुपये झाली. तिचीच एखादी मैत्रीण कोल्हापुरात १०,००० रुपयांची नोकरी सोडून तेवढ्याच फीमध्ये बी.एड. करते, तेव्हा तिला ती ३,९०,००० रुपयांना पडते. अभ्यासक्रम तोच, फीही तीच. पण ज्या शहरात नोकऱ्या अधिक, तेथे हीच पदवी महाग होते.

वडीलधाऱ्यांच्या मनात अजूनही एका वर्षाचाच हिशेब असतो. दारावरच्या पाटीवर ‘बी.ए., बी.टी.’ अशी अक्षरे अभिमानाने मिरवणाऱ्या पिढीने प्रशिक्षणासाठी वर्षभरच खर्ची घातले होते. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीनुसार २०१५ पासून हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला आणि बुडणारा पगारही दुप्पट झाला. पदवी चार वर्षांची असणाऱ्यांसाठी तो पुन्हा एका वर्षाचा करावा, असा प्रस्ताव परिषदेच्या २०२५ च्या मसुद्यात होता, तो या दृष्टीने स्वागतार्हच म्हणावा लागेल.

आता जमेची बाजू. केंद्रीय विद्यालयात प्रशिक्षित पदवीधर शिक्षकाचे सातव्या वेतन आयोगानुसारचे आरंभीचे मूळ वेतन ४४,९०० रुपये आहे. २०,००० रुपयांच्या नोकरीशी तुलना केली, तर दरमहा २४,९०० रुपये अधिक. महागाई भत्ता बाजूला ठेवला तरी ६,३०,००० रुपये दोन वर्षांहून थोड्या अधिक काळात भरून निघतात. महाराष्ट्रात अनुदानित माध्यमिक शाळेत लागणाऱ्या शिक्षणसेवकाला मात्र जानेवारी २०२३ च्या वाढीनंतरही १८,००० रुपये मानधन ठरले, आणि नियमित वेतनश्रेणीपूर्वीची तीन वर्षे त्यावरच काढावयाची असतात. खासगी शाळेत १५,००० रुपयांवर समाधान मानावे लागले, तर पैशाच्या हिशेबात ही पदवी कधीच फिटत नाही.

शिवाय पदवी आणि नियमित पद यांच्यामध्ये बरेच उंबरठे आहेत. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये बी.एड.धारकांना पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदासाठी अपात्र ठरविले. त्या वर्गांसाठी प्राथमिक शिक्षणाचीच अर्हता हवी. सप्टेंबर २०२५ च्या निकालाने तर सेवेतील शिक्षकांनाही पात्रता परीक्षा अटळ झाली. निवृत्तीस पाच वर्षांहून कमी काळ उरलेल्यांनाच, तीही पदोन्नतीवाचून, सवलत मिळाली. कर्नाटकात सरकारी शाळेत शिरायचे तर कन्नड यावे लागते, हे मराठी माध्यमात शिकलेल्या सीमाभागातील मुलीला वेगळे सांगावयास नको.

शैक्षणिक कर्ज घेणाऱ्यांनी तर हा मधला काळ विशेष ध्यानात घ्यावा. भारतीय बँक संघाच्या आदर्श योजनेत चार लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही आणि परतफेड अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने सुरू होते. समजा, दरवर्षी एक लाख याप्रमाणे दोन लाख रुपये दहा टक्के सरळव्याजाने घेतले. हप्ते सुरू होईपर्यंत ५०,००० रुपये व्याज चढते आणि अडीच लाखांचा सात वर्षांचा हप्ता सुमारे ४,१५० रुपये येतो. केंद्रीय विद्यालयातील मूळ वेतनाच्या तो दहाव्या हिश्शाहूनही कमी. १५,००० रुपयांच्या पगारातून मात्र चौथ्या हिश्शाहून अधिक. पहिल्या वर्षी दरमहा ८३३ रुपये व्याज घरातून भरत गेल्यास हा भार थोडा हलका होतो. व्याजावर आयकरात वजावट मिळते खरी, पण ती जुन्या करप्रणालीत. आणि १५,००० रुपये मिळविणाऱ्या शिक्षिकेला मुळात करच लागत नाही. ज्याला गरज कमी, त्यालाच सवलत अधिक, असा हा प्रकार आहे.

तात्पर्य बी.एड. करू नये, असे नव्हे. सहावीपासून पुढे गणित-विज्ञान शिकविण्याची ज्यांची खरी ओढ आहे, त्यांनी ती अवश्य करावी. बारावीलाच मन पक्के असेल, तर म्हैसूरच्या प्रादेशिक शिक्षण संस्थेतल्यासारखा चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम एक वर्ष वाचवितो. सर्वांत महाग पडते ती ‘हाताशी असू द्यावी’ म्हणून घेतलेली पदवी. मुलीच्या लग्नाचे जमेपर्यंत तिला बी.एड.ला घालण्याची रीत अजून अनेक घरांत आहे. तिथे तर हा हिशेब कोणी मांडतच नाही.

पदवीनंतर घरी बसून परीक्षेची तयारी करणेही असेच महाग. वरच्या उदाहरणातील मुलगी वर्षभर थांबली, तर आणखी २,४०,००० रुपये गेले, म्हणजे दोन वर्षांच्या फीहून अधिक. केंद्रीय शिक्षक पात्रता परीक्षेला बी.एड. करीत असतानाच बसता येते आणि २०२१ पासून तिचे प्रमाणपत्र आजन्म ग्राह्य असते. दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत तो अर्ज भरणारी मुलगी हे वर्ष वाचविते.