तारखेचीही परीक्षा हवी

जीपीएस उपग्रह ६ जानेवारी १९८० पासून आठवडे मोजतात. परंतु त्यांच्या मूळ संदेशात या मोजणीसाठी द्विमान अंकांची अवघी दहा घरे राखलेली आहेत. साहजिकच १०२४ आठवडे भरले, की मोजणी पुन्हा शून्यावर येते. १९९९ च्या ऑगस्टात ती तशी आली, २०१९ च्या एप्रिलात पुन्हा आली. २०३८ च्या नोव्हेंबरात तिसऱ्यांदा येईल. चालू फेरा कोणता, हे ओळखण्याचे काम जमिनीवरील आज्ञावलीचे. ते चुकले तर ७ एप्रिल २०१९ ची नोंद २२ ऑगस्ट १९९९ ची म्हणून दप्तरी पडते.

यंत्र बंद पडले असते तर एक वेळ बरे. निदान कोणी धावून तरी आला असता. येथे भूकंपमापक हादरा बिनचूक टिपतो आणि त्यावर जवळजवळ वीस वर्षांपूर्वीची तारीख घालतो. अशी नोंद शेजारच्या केंद्राच्या नोंदीशी जुळायची कशी?

फेरा उलटण्याचे दिवस ठाऊक असले म्हणजे भागले, हा समजही खोटा आहे. संगणकांना उपग्रहांची वेळ पुरविणाऱ्या ‘जीपीएसडी’ या आज्ञावलीच्या काही आवृत्त्या २४ ऑक्टोबर २०२१ रोजी मार्च २००२ मध्ये परतणार होत्या. वस्तुतः त्या दिवशी उपग्रहांची मोजणी मुळीच उलटत नव्हती. दोष आज्ञावलीतील गणितात होता. तो वेळीच ध्यानात आला, म्हणून सुधारलेली आवृत्ती आधी निघू शकली.

प्रयोगशाळा मापकाच्या अचूकतेचा दाखला मागतात. भावी तारखा, २९ फेब्रुवारी आणि ३१ डिसेंबरची मध्यरात्र आज्ञावलीला मुद्दाम दाखवून घेतलेल्या चाचणीचा दाखलाही त्यांनी खरेदीपूर्वीच मागितला पाहिजे.