नकाशातला सेक्टर, पायाखालचा परिसर

स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले वास्तुशिल्पकार ल कार्बुझिए यांनी 1951 साली चंदीगडच्या आराखड्याला निश्चित रूप दिले. सुमारे 1200 मीटर लांब व 800 मीटर रुंद असे चौकोन आखले गेले. त्यांना नावांऐवजी क्रमांक मिळाले. सेक्टर 34 हा त्यांपैकीच एक. अशा ठिकाणच्या विद्यार्थ्याला परिसराचे चित्र काढण्यास सांगितले, की तो पुष्कळदा पट्टीने आयत आखतो, त्यात सारखी घरे मांडतो आणि एकाखाली ‘माझे घर’ असे लिहितो. चित्र नीटनेटके असते. पण ते कोणत्याही सेक्टरचे असू शकते.

हा दोष विद्यार्थ्याचा नव्हे, अध्यापनाचा होय. कागदापूर्वी पायांनी परिसर मोजला पाहिजे. घरापासून चौकापर्यंत पावले किती? सावली कोठे संपते? प्रदर्शन मैदानावर मेळा भरला की वाट कशी बदलते? शिकवणी-वर्ग सुटल्यावर गर्दी कोणत्या बाजूला वळते? गुरुद्वाऱ्याकडे जाणारे लोक रस्ता कोठे ओलांडतात? या प्रश्नांची उत्तरे ज्या चित्रात आहेत, त्यालाच परिसराचे चित्र म्हणावे.

दिशांचेही तसेच आहे. ‘दक्षिण मार्ग’ हा मोठा रस्ता सेक्टर 34च्या दक्षिणेला नसून ईशान्येच्या कडेने जातो. त्याचे नाव संपूर्ण शहराच्या दृष्टीने पडलेले आहे. या सेक्टरच्या दृष्टीने नव्हे. हे विद्यार्थ्याच्या स्वतःच्या ध्यानात आले, तर आपण कोठे उभे आहोत यावर जग कसे दिसते ते अवलंबून असते, हा भूगोलातला मोठा धडा तो कायमचा शिकतो.

अशा चित्रांना रेषांच्या सफाईवर गुण देणे अन्यायाचे ठरेल. पहाटे वृत्तपत्रे टाकणारा मुलगा आणि चाकाच्या खुर्चीतून फिरणारी मुलगी यांची चित्रे भिन्नच असणार. पहिल्याला जी केवळ पायरी, ती दुसरीला भिंत वाटते. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली, की अधिकृत नकाशात नसलेली अडचण वर्गाला दिसते.

ठाणे जिल्ह्यातील, आता पालघर जिल्ह्यात असलेल्या कोसबाड येथे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा नेली. मूल जेथे वावरते, तेथूनच शिक्षणाचा आरंभ होतो, ही त्यामागची दृष्टी आखीव शहरालाही तितकीच लागू आहे. ज्याने आपला रस्ता कधी निरखून पाहिला नाही, तो त्यावरचे तोडलेले झाड किंवा अडवलेली पायवाट यांबद्दल प्रश्न तरी कसा विचारणार? परिसराचे चित्र ही नागरिकत्वाची पहिली इयत्ता होय.